भिंतीवरची मोलकरीण

बड्या घरांच्या भिंतींवर पूर्वजांची तैलचित्रे असतात. उत्तर वेल्समध्ये रेक्सॅम शहराजवळच्या अर्दिग या वाड्यात मात्र नोकरांचीही आहेत. मालक फिलिप यॉर्क यांनी १७९० च्या दशकात ती काढून घेतली आणि त्यांसाठी स्वतः पद्ये रचली. त्यांत जेन एब्रेल ही जाळी-जळमटे काढणारी मोलकरीण आहे. १७९३ मध्ये तिचे चित्र झाले तेव्हा ती ८७ वर्षांची होती.

हा आपलेपणा खराच. पण त्याने पायऱ्या पुसल्या नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशा घरांत नोकरांमध्येच एक दरबार भरत असे. पुरुषांवर बटलरची हुकमत, मोलकरणींवर हाउसकीपरची. हाउसकीपर अविवाहित असली तरी तिला 'मिसेस' म्हणायचे. जेवायला सारे हुद्द्याप्रमाणे बसत. अनेक घरांत मुख्य जेवण आटोपले की वरिष्ठ नोकर उठून हाउसकीपरच्या खोलीत गोड खायला जात. पाहुणीबरोबर आलेल्या दासीचा मान तिच्या मालकिणीच्या मानावर ठरे. खालच्यांचे तर नावही आपले नसे. नव्या फुटमनला सोयीसाठी जॉन किंवा जेम्स म्हणून हाक मारीत. तळाशी भांडी घासणारी पोर. तिचा दिवस मोरीतच उगवे आणि तिथेच मावळे.

हे सारे निमूटपणे का चाले? एक तर बढतीची आशा होती. आजची पोरगी उद्याची स्वयंपाकीण होऊ शके. दुसरे कारण अधिक कठोर होते. चांगल्या वर्तणुकीचा दाखला असल्याशिवाय पुढची नोकरी मिळणे कठीण, आणि तो देण्याचे कायदेशीर बंधन मालकावर नव्हते. वर्षानुवर्षांची चाकरी एका कागदावर तोलली जाई.

चित्रे लावणाऱ्या याच अर्दिगने १९०७ मध्ये आपली हाउसकीपर एलन पेंकेथ हिच्यावर पैशांच्या चोरीचा आरोप ठेवला. खटला चालला आणि ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. पद्ये रचणारे घराणेही शेवटी मालकच होते.

१९७३ मध्ये यॉर्क घराण्याने वाडा नॅशनल ट्रस्टला दिला आणि १९७७ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आत जाण्याची वाट ट्रस्टने दर्शनी दारातून नव्हे, नोकरांच्या बाजूने ठेवली. ज्यांच्या कष्टांवर वाडा उभा होता, त्यांचा मान निदान पाहुण्यांच्या वाटेत तरी पहिला ठरला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)