सहा वर्षांच्या आतले सोलापूर

जुन्या सोलापुरात वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ज्या पेठा आहेत, त्यांपैकी शुक्रवार पेठ ही एक. या पेठांचा आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या शहराचा इतिहास व्यापार, हातमाग, कापडगिरण्या आणि १९३० सालचा लष्करी कायदा या अंगांनी पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु सहा वर्षांच्या आतले मूल दिवसभर कोणाजवळ असे, काय खेळे आणि खेळता खेळता काय शिके, या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. वास्तविक ज्या शहराची भरभराट स्त्रियांच्या श्रमावर फार मोठ्या प्रमाणात उभी राहिली, त्या शहरात बालशिक्षणाला वळण देण्याचे काम शाळांच्या स्थापनेपेक्षा आईच्या कामाच्या तासांनी अधिक केले आहे, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पेठेतील बालवाडीचा किंवा अंगणवाडीचाही अर्थ नीट लागत नाही.

गिरण्यांपूर्वीच्या काळात पंतोजींच्या गावठी शाळेत मूल साधारण सहा-सात वर्षांचे झाल्यावर जाई आणि धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवू लागे. त्याआधीची वर्षे घरातील स्त्रियांच्या ताब्यात असत. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, थोरली बहीण अशा अनेक हातांतून मूल फिरे. पांगुळगाड्याला धरून ते चालायला शिके, भातुकलीत घरातले व्यवहार जसेच्या तसे मांडे, सागरगोट्यांनी हाताची आणि नजरेची जुळणी साधे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतून भिंगऱ्या आणि पिपाण्या येत, बेंदराला कुंभाराकडचे मातीचे बैल येत. या व्यवस्थेचा गौरव करताना एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही, ती म्हणजे धाकट्याला कडेवर घेणारी थोरली बहीण स्वतःच आठ-नऊ वर्षांची असे, आणि भावंडांना सांभाळण्यापायी तिचे खेळणे व पुढे तिची शाळाही संपत असे.

शहराच्या पूर्व भागात वस्ती करून राहिलेल्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या घरात खेळ आणि काम यांच्यातील सीमा आणखी पुसट होती. माग घरातच असल्याने आईवडील दोघेही मुलाच्या डोळ्यांसमोर असत. कापडाच्या आडव्या धाग्याला बाणा म्हणतात; हे सूत ज्या लहान नळीवर गुंडाळून धोट्यात बसवतात ती कांडी. कांड्या भरण्याचे काम बायका आणि मुले करीत. तीन-चार वर्षांचे मूल आधी रिकाम्या कांड्या रचून खेळे, मग रंगाप्रमाणे त्या वेगळ्या करी, पुढे तुटलेला धागा शोधून देई, आणि केव्हातरी कोणाच्या लक्षातही न येता ते खरोखरच कांड्या भरू लागे. आजच्या बालशिक्षणशास्त्रात ज्याला वर्गीकरण आणि सूक्ष्म स्नायूंचा विकास म्हणतात, ते सारे येथे होते. नव्हती ती फक्त हे काम नको म्हणून उठून जाण्याची मोकळीक. खेळ आणि श्रम यांतील भेद हातांच्या हालचालीत नसून या मोकळिकीत असतो, म्हणून घरगुती मागाला आदर्श पाठशाळा ठरवणे योग्य होणार नाही.

१८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील जुनी गिरणी, सुरू झाली; पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या, आणि काम घरातून उठून भोंग्याच्या वेळेवर गेले. मुलांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता, कारण आई आता त्यांच्या नजरेआड गेली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर नेली. म्हणजे मूल कामगार केव्हा होऊ शकते हे कायदा सांगू लागला, पण कामगार होण्यापूर्वी त्याला कोणी सांभाळायचे, यावर तो दीर्घकाळ गप्प होता. त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. मुंबईत १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची जी पाहणी केली, तिच्यात कामावर जाताना बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफू देण्याची चाल सर्रास असल्याचे आढळले; बाळगोळी या नावाने अशा गोळ्या बाजारात मिळत. ज्या आईच्या हाती दुसरा कोणताच उपाय ठेवलेला नव्हता तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला, तो देशातील पहिला. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली, आणि १९४८ च्या कायद्याने पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरवली. स्त्री कामगारांच्या संख्येची पन्नासची अट १९७६ मध्ये तीसवर आणण्यात आली.

जगातील बालशाळांचा उगमही अशाच कामगार वस्त्यांत झालेला दिसतो. रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे आपल्या सूतगिरणीच्या आवारात शिशुशाळा उघडली. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले, तेही आईबाप कामावर गेल्यावर चाळींत मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी. सोलापुरात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची खेळातून शिक्षण देणारी किंडरगार्टन पद्धत अमेरिकन मराठी मिशनमार्फत आली, आणि त्या कामाशी मेरी हार्डिंग यांचे नाव जोडले गेले. लाकडी ठोकळे, गोळे, गाणी आणि बागकाम यांना शिक्षण मानण्याची कल्पना पाठांतरावर पोसलेल्या समाजाला नवीन होती.

मराठी समाजाच्या स्वतःच्या विचारातून हा प्रश्न हाताळला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. परंतु माँटेसरी साधने महाग आणि बालमंदिरे सुखवस्तू घरांची, हे शल्य त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, शंख, पाने आणि माती यांची साधने तयार केली, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे शिक्षिकेचेच काम, हा त्यांचा आग्रह फार मोलाचा होता. संगोपन आयांकडे आणि शिक्षण बाईंकडे अशी जी वाटणी शहरी शाळांनी केली होती, ती त्यांनी नाकारली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने केंद्राचे नाव अंगणवाडी असेच ठेवले आणि पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहाही कामे तिच्याकडे सोपवली.

सोलापुरात या योजनेची खरी कसोटी विडी कामगार स्त्रियांच्या घरी लागते. गिरण्या बंद पडत गेल्या तशी विडी हा असंख्य घरांचा आधार बनला. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, पाने भिजवायची, पत्र्याच्या तुकड्याच्या मापाने ती कात्रीने कापायची, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. मजुरी हजारावर, आणि नापास ठरलेल्या विड्यांचा तोटा वळणारीचा. त्याच खोलीत छताच्या कडीला बांधलेल्या साडीच्या झोळीत बाळ निजलेले असते, दोरीचे टोक आईच्या पायाच्या अंगठ्याला असते, आणि तंबाखूची धूळ दोघांच्याही श्वासात जाते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराचे कलम होते. पण ते औद्योगिक जागेला लागू होते, आणि राहते घर हे औद्योगिक जागेच्या व्याख्येतून वगळलेले होते. त्यामुळे काम घरी पाठवले की पाळणाघराची जबाबदारी आपोआप मालकावरून उतरत असे. २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची जी वसाहत उभी राहिली, तिचे महत्त्व म्हणूनच निवाऱ्यापुरते नाही: जेथे घर हेच कामाचे ठिकाण आहे, तेथे घराची प्रत्येक वाढीव फूट ही मुलाच्या खेळण्याची जागा असते.

अंगणवाडीची दुसरी कसोटी भाषेची. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या भाषा आहेत, आणि मूल गल्लीत खेळताना त्यांतील दोन-तीन सहज उचलते. वर्गात मात्र तेच मूल पहिले काही महिने मुके होते, कारण गाणी, गोष्टी आणि सूचना एकाच भाषेत असतात. सेविका किंवा मदतनीस वस्तीतलीच असली, तर ती मुलाला पाणी हवे की आई, हे त्याच्या भाषेत विचारते, आणि मग मराठी बडबडगीत त्याला परके वाटत नाही. स्थानिक स्त्रीची नेमणूक करण्याचा नियम शैक्षणिकदृष्ट्या किती शहाणपणाचा आहे, हे सोलापूरसारख्या ठिकाणीच नीट कळते.

कायद्याने मात्र सहाव्या वर्षाची रेघ पुसलेली नाही. मूळ घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा हा वयोगट मूलभूत हक्कात घेतला आणि सहाच्या आतली मुले राज्याच्या प्रयत्नांवर सोडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानला हे स्वागतार्ह आहे, परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. २०२२ पासून केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद झाली असून ती सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नेहमीची अंगणवाडी दिवसातील काही तासच चालते, आणि हजार विड्या तेवढ्या वेळात वळून होत नाहीत. तेव्हा जुन्या पेठांत आणि पूर्व भागात ही जोडणी प्रत्यक्ष उतरवायची तर अंगणवाडीची वेळ विडीच्या कामाच्या दिवसाशी जुळवावी लागेल, आणि त्या वाढीव तासांचे वेतन सेविकेला द्यावे लागेल.