पाळण्यांतील श्रवणपरीक्षा

मनुष्याच्या अंगीं जन्मतः जीं व्यंगें येतात, त्यांत बहिरेपणाइतकें लपून राहणारें व्यंग क्वचितच दुसरें असेल. वांकडें पाऊल पहिल्याच दिवशीं दिसतें, दृष्टिहीन डोळाहि फार काळ फसवूं शकत नाहीं. परंतु बहिरें मूल इतर मुलांप्रमाणेंच रडतें, हंसतें, आईचें तोंड पाहून हातपाय हालवितें आणि पहिले कांहीं महिने हुंकारही देतें. दोन वर्षें उलटून शब्द फुटत नाहीं, तेव्हां कोठें घरांत शंका येते. आणि तीहि, ‘याचे आजोबा उशीराच बोलले होते,’ या समजुतीनें बाजूस सारली जाते. हजार जन्मांमागें एक-दोन मुलें हा दोष घेऊन येतात आणि त्यांतील बहुतेकांचे आईबाप उत्तम ऐकणारे असतात; त्यामुळें त्यांच्या मनांत हा विचार सहसा येतच नाहीं.

आपल्याकडे तान्ह्या मुलाजवळ ताट वाजवून पाहण्याची रीत आहे. मूल दचकलें कीं आजी निश्चिंत होते. या परीक्षेंत दोन उणिवा आहेत. ताटाचा हादरा अंगाला जाणवतो, हाताची सावली डोळ्यांपुढून जाते आणि मूल त्यानेंच दचकतें, ही एक. दुसरी अधिक घातक आहे. ताटाचा खणखणाट ज्याला ऐकूं येतो, त्याला ‘स’ आणि ‘त’ हीं हलकीं व्यंजनें ऐकूं येतातच असें नाहीं. असलें मूल हांकेला वळतें, परंतु भाषा अर्धवट उचलतें. पुढें शाळेंत मागच्या बांकावर बसतें आणि मठ्ठ ठरतें. असा शेरा मारून मोकळे झालेले गुरुजी थोडे नसतील.

या घरगुती परीक्षेला शास्त्राची शिस्त लावण्याचें श्रेय मुख्यतः मँचेस्टर येथील आयरीन व अलेक्झांडर युइंग या दांपत्याकडे जातें. बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांना शिकविणें हा उभयतांचा व्यवसाय. महायुद्ध चालू असतांनाच, १९४४ सालीं, शैशवांतील बहिरेपणा कसा ओळखावा यावर त्यांनीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धति साधी होती. सातआठ महिन्यांचें मूल आईच्या मांडीवर बसवावयाचें. समोर एकीनें खेळणें दाखवून त्याचें लक्ष वेधावयाचें व मग खेळणें झांकावयाचें. आणि त्याच क्षणीं मागें उभ्या असलेल्या दुसरीनें कपांत चमचा हलकेच फिरवावयाचा, पातळ कागद चुरगळावयाचा किंवा खुळखुळा वाजवावयाचा. मूल वळलें कीं ऐकलें. ब्रिटनमधील आरोग्यसेविकांनीं कित्येक दशकें हीच परीक्षा घरोघरच्या मुलांना दिली. पण मुलें चतुर असतात! मागच्या बाईची सावली, तिच्या अत्तराचा वास, जमिनीवरील पावलाचा हादरा यांनींही तीं वळत, आणि बहिरें मूल ‘उत्तीर्ण’ होऊन घरीं जाई.

सातआठ महिने तरी कां थांबावें, असा प्रश्न अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं मॅरियन डाउन्स या विदुषीनें विचारला. १९१४ सालीं जन्मलेल्या या बाई संसार व तीन मुलें सांभाळून पुन्हा विद्यापीठांत गेल्या. नांव नोंदविण्याच्या रांगांपैकीं सर्वांत आंखूड रांगेंत त्या उभ्या राहिल्या आणि ती नेमकी वाणी व श्रवण या विषयाची निघाली, असें सांगतात. १९६३च्या सुमारास त्यांनीं प्रसूतिगृहांतील नवजात बालकांच्या कानाजवळ ठराविक मोठा आवाज करून, त्यांच्या पापण्या मिटतात काय, अंग दचकतें काय, हें टिपण्याचा उपक्रम आरंभिला. सतरा हजार बालकांचा वृत्तांत १९६९ सालीं छापला गेला. दोष असा निघाला कीं, एकाच बाळाकडे पाहून एक निरीक्षक ‘दचकलें’ म्हणे तर दुसरा ‘नाहीं’ म्हणे. झोपलेलें मूल एक उत्तर देई, भुकेलेलें दुसरें. डाउन्सबाईंच्याच आग्रहानें नेमलेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीनें, ही पद्धति सर्व बालकांना लावण्याइतकी विश्वसनीय नाहीं, असा निर्णय दिला. बाईंनीं तो मानला, पण विषय सोडला नाहीं. १९७३ सालीं त्या समितीनें, कुळांत बहिरेपण, गरोदरपणीं आईस झालेले कांहीं रोग, जन्मतः फार कमी वजन, तीव्र कावीळ अशीं धोक्याचीं लक्षणें ठरवून तेवढींच मुलें तपासावीं, असें सुचविलें. पुढें अनुभव असा आला कीं, बहिऱ्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांच्या बाबतींत यांपैकीं एकहि लक्षण नसतें. म्हणजे जाळें टाकलें, पण अर्धे मासे बाहेरच राहिले.

खरा मार्ग निराळ्याच दिशेनें उघडला. कान हा केवळ ध्वनि घेणारा अवयव नसून तो स्वतःचें बळ खर्च करून ध्वनि वाढवीत असावा, असें अनुमान केंब्रिज येथें थॉमस गोल्ड यानें १९४८ सालींच मांडलें होतें. त्या काळीं मृतांच्या कानांवर प्रयोग करणाऱ्या बेकेशीचा सिद्धांत सर्वमान्य होता आणि १९६१ सालीं त्याला नोबेल पारितोषिकहि मिळालें. गोल्डकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. मेलेला कान कामच करीत नाहीं, हें लक्षांत यावयास तीस वर्षें जावीं, हें शास्त्राच्या इतिहासांतील एक नवलच होय. १९७८ सालीं लंडनच्या डेव्हिड केम्प यानें कानांत सूक्ष्म ध्वनिक्षेपक व सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून एक टिचकीसारखा आवाज सोडला, आणि सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांनंतर कानांतून परत आलेला क्षीण प्रतिध्वनि नोंदविला. हा यंत्राचाच दोष असावा, अशी शंका प्रथम घेतली गेली. परंतु बहिऱ्या कानांतून तो येत नाहीं, हें दिसून आलें. अंतःकर्णांतील बाह्य केशपेशी ध्वनीबरोबर स्वतः आंखूड-लांब होतात, त्यांतून हा प्रतिध्वनि उपजतो. बाळाला यांत कांहींच करावयाचें नसतें. तें झोपलेलें असलें तर उत्तमच. याच सुमारास, १९७०-७१ सालीं, जेवेट प्रभृतींनीं ध्वनीनें मेंदूच्या देठांत उमटणारे विद्युत्तरंग डोक्यावरील पट्ट्यांतून टिपून दाखविले. प्रतिध्वनि येत असूनहि पुढील मज्जातंतूंत दोष असेल, तर तो या दुसऱ्या परीक्षेंत सांपडतो.

साधन हातीं आलें, तरी वाद मिटला नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्या मंडळानें प्रत्येक बालकाची परीक्षा तीन महिन्यांच्या आंत व्हावी, असें सुचविलें. लगेच १९९४ सालीं बेस व पॅराडाइज या दोघा जाणत्यांनीं त्यास स्पष्ट विरोध केला. पहिल्या परीक्षेंत नापास होणारीं बहुसंख्य मुलें प्रत्यक्षांत ऐकणारीं असतात, त्यांच्या मातांना निष्कारण धसका बसतो, आणि लवकर निदान झाल्यानें मुलाचें हित होतेंच याला पुरावा कोठें आहे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल रास्त होता. त्याला चिडून उत्तर देणें हें उत्तर नव्हे. खरें उत्तर १९९८ सालीं कोलोरॅडोंतून आलें. योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा महिन्यांपूर्वीं निदान झालेलीं ७२ मुलें आणि त्यानंतर निदान झालेलीं ७८ मुलें यांची भाषा ताडून पाहिली. ज्यांची बुद्धि सामान्य होती, त्यांपैकीं लवकर ओळखलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणें सरस होती. बहिरेपणा सौम्य असो वा तीव्र, फरक राहिलाच. यानंतर वारें फिरलें. इंग्लंडनें २००१ सालीं प्रायोगिक केंद्रें उघडलीं व २००६ सालीं ही योजना देशभर लागू केली. डाउन्सबाई नोव्हेंबर २०१४मध्यें, वयाचें शंभरावें वर्ष ओलांडून, निवर्तल्या. त्या वेळीं अमेरिकेंत शेंकडा ९५हून अधिक नवजात बालकांची परीक्षा होत होती.

भारतांत म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५च्या सुमारास आणि मुंबईस वांद्रें येथील अली यावर जंग संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. बधिरत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ सालीं सुरू झाला, आणि २०१३ सालच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश झाला. तथापि प्रत्येक बाळाच्या कानापर्यंत यंत्र अद्याप पोंचलेलें नाहीं. जन्मानंतर एकदोन दिवस कानांत ओल व वारेचा मळ असतो, म्हणून पुष्कळ निरोगी मुलें पहिल्या वेळीं नापास होतात व त्यांना पुन्हा आणावें लागतें. पुन्हा आणणें हेंच अवघड. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें, आणि सव्वा महिना किंवा तीन महिने झाले कीं लेकुरवाळी सासरीं निघते. दवाखान्याच्या नोंदवहींत मात्र पत्ता माहेरचाच असतो.