चाळीस नावांची भिंत



मध्यंतरी आमच्या गटाच्या बैठकीत वसुलीचं काम लवकर आटोपलं आणि गप्पा सुरू झाल्या. एकीच्या मुलीनं मोबाइलवर ‘नीरजा’ सिनेमा पाहिला होता. तो ऐकता ऐकता एक आजी म्हणाल्या, “अगं, ती तर विमानात कामाला होती. पण तिकीट काढून बसलेल्या एखाद्या साध्या माणसानं विमान पळवणाऱ्यांना अडवलं, तर त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

असं खरोखर घडलेलं आहे. अमेरिकेत, 11 सप्टेंबर 2001 रोजी.

त्या दिवशी चार विमानं पळवली गेली. न्यूयॉर्कच्या दोन उंच इमारतींवर दोन आदळली. ती दृश्यं आपल्यापैकी अनेकींनी दूरदर्शनवर पाहिली आहेत. तिसरं अमेरिकेच्या लष्कराच्या मुख्य कचेरीवर पडलं. चौथं विमान नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. युनायटेड कंपनीचं, उड्डाण क्रमांक 93. विमान पळवणारे चौघे सोडले तर त्यात 33 प्रवासी आणि 7 कर्मचारी होते, म्हणजे चाळीस माणसं.

हे विमान सकाळी आठला सुटायचं होतं. धावपट्टीवर गर्दी असल्यामुळे ते 8 वाजून 42 मिनिटांनी उडालं. आपल्याकडं एसटी उशिरा सुटली की आपण कंडक्टरच्या नावानं बोटं मोडतो. पण त्या सकाळचा सगळा इतिहास या उशिरात आहे. चौघांनी विमान ताब्यात घेतलं तेव्हा 9 वाजून 28 मिनिटं झाली होती. तोवर न्यूयॉर्कच्या दोन्ही इमारती पेटल्या होत्या. प्रवाशांनी सीटच्या पाठीला लावलेल्या फोनवरून घरी फोन लावले आणि घरच्यांनी त्यांना ही बातमी सांगितली.

ही बातमी कळल्यामुळे काय बदललं, ते नीट समजून घेऊ. तोपर्यंत विमान पळवलं की प्रवाशांनी गप्प बसायचं, अशीच रीत होती. पळवणारे कुठं तरी विमान उतरवणार, मागण्या करणार, सरकार बोलणी करणार. आपलं काठमांडूहून निघालेलं विमान डिसेंबर 1999 मध्ये कंदाहारला नेलं होतं, ते आठवत असेल. आठ दिवस माणसं त्यात अडकून होती. एका तरुण प्रवाशाचा जीव गेला आणि शेवटी तीन अतिरेकी सोडावे लागले. तिथं गप्प बसणं हेच शहाणपण होतं. पण 93 क्रमांकाच्या विमानातल्या लोकांना फोनवरून कळलं की हे विमान कुठं उतरणारच नाही. त्यांनी आपसात मतदान घेतलं. खरंच, हात वर करून मतं घेतली असावीत, जशी आपण गटात घेतो. आणि 9 वाजून 57 मिनिटांनी ते वैमानिकाच्या खोलीच्या दारावर चालून गेले.

त्या खोलीतले आवाज टिपणाऱ्या यंत्रात दारावरचे धक्के, भांडी फुटल्याचे आवाज, ओरडणं असं सगळं आहे. पळवणाऱ्यानं विमान डावीउजवीकडं हेलकावलं, वरखाली केलं, म्हणजे माणसं पडावीत. ती पडली आणि पुन्हा उठली. 10 वाजून 3 मिनिटांनी विमान पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शँक्सव्हिल गावाजवळ, जुन्या कोळसा खाणीच्या मोकळ्या रानात आदळलं. कुणीच वाचलं नाही. तिथून राजधानी वॉशिंग्टन विमानानं फक्त वीस मिनिटांवर होती. संसद किंवा राष्ट्राध्यक्षांचं घर, दोन्हीपैकी एक नेम असावा, असं नंतरच्या चौकशीत म्हटलं आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडं येते. यांची आठवण कशी राहिली?

पहिल्या काही आठवड्यांत वर्तमानपत्रांत चार-पाचच नावं सारखी यायची आणि ती सगळी उंचापुऱ्या, खेळाडू वळणाच्या पुरुषांची. त्यातला टॉड बीमर सगळ्यांत प्रसिद्ध झाला. शेवटी तो सोबत्यांना म्हणाला, “चला, सुरू करू या.” हे शब्द राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात आले, लढाऊ विमानांवर रंगवले गेले, त्यावर गाणं झालं. एका शाळेला त्याचं नाव दिलं. तो शूर होता, यात वाद नाही. पण ते शब्द आपल्यापर्यंत आले कसे? बीमरचा फोन घरी लागला नव्हता. तो टेलिफोन कंपनीच्या कचेरीत गेला आणि तिथं लिसा जेफरसन नावाच्या पर्यवेक्षक बाईंनी घेतला. अनोळखी माणूस, मरणाच्या दारात. त्या तेरा-एक मिनिटं त्याच्याशी बोलल्या, त्याच्यासोबत प्रार्थना केली, बायकोला निरोप देण्याचं वचन दिलं आणि पुढं ते पाळलं. त्यानं फोन खाली ठेवला, पण तो तोडला नाही. या बाई कानाला लावून बसूनच राहिल्या. सोबत्यांना तो जे बोलला, ते त्यांच्या कानानं टिपलं. त्या ऐकत राहिल्या नसत्या, तर आज जगाला ते शब्द माहीत नसते.

इतिहास असा बनतो, मैत्रिणींनो. कोण शूर होतं यापेक्षा कुणाचा पुरावा मागं राहिला, यावर बरंच ठरतं. त्या विमानातून तेरा जणांनी 37 वेळा फोन लावले. त्या तेरा जणांच्या गोष्टी आपल्याला कळल्या. बाकीच्या सत्तावीस जणांचं काय? त्यांच्यात 79 वर्षांच्या हिल्डा मार्सिन होत्या. लेकीकडं कायमच्या राहायला निघाल्या होत्या. त्या शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी काय केलं, कुणाचा हात धरला, कुणाला “जा बाळा” म्हटलं, हे कुणालाच ठाऊक नाही.

आणि ज्यांचे फोन लागले, त्या बायकांच्या गोष्टी तरी कुठं पहिल्या पानावर आल्या? सँडी ब्रॅडशॉ ही विमानात प्रवाशांची व्यवस्था बघणारी, घरी लहान लेकरं असलेली बाई. तिनं सगळ्यात आधी घरी फोन केला नाही. कंपनीच्या कचेरीला लावला आणि विमान पळवल्याची खबर दिली. ड्युटी आधी. मग नवऱ्याशी बोलली. काय चाललंय विचारल्यावर म्हणाली, आम्ही पाणी उकळतोय, पळवणाऱ्यांच्या अंगावर फेकायला. विमानाच्या मागच्या बाजूला चहा-कॉफीची जागा असते, ते तिचं स्वयंपाकघरच म्हणा. हाताशी तेच हत्यार होतं. मला सगळ्या गोष्टीत हे उकळतं पाणी सारखं आठवतं. आपण बायका असत्या तर दुसरं काय केलं असतं?

तिचीच सहकारी सीसी लाइल्स. आधी ती पोलिसात होती, गुन्ह्यांचा तपास करायची. ती नोकरी सोडून विमानात लागली, त्याला वर्षही झालं नव्हतं. वर्तमानपत्रांनी दांडगे पुरुष मोजले. गुन्हेगार पकडायचं प्रशिक्षण घेतलेली ही बाई मोजायला त्यांना वेळ लागला. एका तरुण प्रवासी मुलीनं सावत्र आईला शेवटचं हेच सांगितलं की सगळे पुढं धावताहेत, मला जायला हवं. बघा, सगळे.

आता एक चित्र मनात रंगवून बघू. समजा, त्या दिवशी चारही विमानांत कुणी तरी वेळेत उठलं असतं. पळवणारे पकडले जाऊन विमानं सुखरूप उतरली असती. मग काय झालं असतं? दोन दिवस बातमी आली असती. पकडलेल्यांच्या वकिलानं म्हटलं असतं, माझे अशील फक्त बोलणी करणार होते. एखाद्या प्रवाशावर मारहाणीची केससुद्धा झाली असती. आणि न्यूयॉर्कच्या त्या इमारतींतली माणसं संध्याकाळी रोजच्यासारखी घरी जाऊन भाकरतुकडा खाऊन झोपली असती. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कधीच कळलं नसतं. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं गेली. ती गेली म्हणून आपल्याला आकडा माहीत आहे. टळलेल्या संकटाचा आकडा नसतो.

हे मी नुसतं कल्पनेनं म्हणत नाही. तीनच महिन्यांनी, 22 डिसेंबर 2001 ला, पॅरिसहून अमेरिकेला निघालेल्या विमानात एक माणूस बुटात स्फोटकं दडवून बसला होता. हर्मिस मूतार्दिए नावाच्या कर्मचारी बाईंना काडी पेटवल्याचा वास आला. आधी त्यांनी त्याला विडी-सिगारेट ओढू नका म्हणून हटकलं. नंतर पाहिलं, तर तो वाकून बुटाला काडी लावत होता. त्यांनी त्याला धरलं. मदतीला आलेल्या क्रिस्टीना जोन्सच्या हाताला तो कडकडून चावला, पण दोघींनी आरडाओरडा करून माणसं जमवली. प्रवाशांनी कमरेचे पट्टे आणि कानात घालायच्या वायरी आणून त्याला बांधून टाकलं. प्रवाशांतल्याच डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं. विमान बोस्टनला सुखरूप उतरलं. एकही माणूस दगावला नाही.

यातल्या बायकांची नावं तुम्ही आज पहिल्यांदाच ऐकत असाल. मीही आत्ताच वाचली. तिथं भिंत नाही, शाळा नाही, गाणं नाही. त्या घटनेची जी आठवण जगानं ठेवली ती एवढीच, की अमेरिकेत विमानतळावर तपासणीच्या वेळी लोकांना वर्षानुवर्षं बूट काढावे लागले. आणि ज्यांच्यामुळे ती वेळ आली, त्याला लोक कंटाळून शिव्याच देत होते.

आपल्या नीरजा भनोतकडं पुन्हा येते, कारण तिच्यापासूनच गप्पा सुरू झाल्या होत्या. 5 सप्टेंबर 1986, मुंबईहून निघालेलं पॅन अॅमचं विमान कराचीत बंदूकवाल्यांनी ताब्यात घेतलं. तिच्या इशाऱ्यामुळे वैमानिक निसटले आणि विमान उडूच शकलं नाही. सतरा तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिनं दार उघडून माणसं बाहेर काढली आणि तिथंच गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोक चक्र मिळालं, टपाल तिकीट निघालं, घाटकोपरला तिच्या नावाचा चौक आहे. सगळं रास्तच. पण त्या विमानात तिच्या सोबत आणखीही मुली होत्या. अमेरिकी प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून पासपोर्ट लपवण्याचं काम त्यांनीही केलं. जिवंत राहिल्या, नोकऱ्या केल्या, संसार केले. सिनेमा आल्यावर कुठं त्या बोलल्या की आम्हीही तिथं होतो. जिवंत राहिलेल्यांची पंचाईत असते. त्यांना हार घालायचा तरी कधी?

शँक्सव्हिलच्या लोकांनी मात्र एक गोष्ट चांगली केली. सरकारी स्मारक व्हायला दहा वर्षं लागली. तोवर रानाच्या कडेला एक साधं जाळीचं कुंपण होतं. लोक त्याला फुलं, टोप्या, झेंडे, चिठ्ठ्या बांधायचे. गावातले स्वयंसेवक, त्यात म्हातारीकोतारीही, थंडीवाऱ्यात पाळीनं तिथं उभे राहून येणाऱ्याला हकिकत सांगायचे. आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी आग्रह धरला, की चार-पाच वीरांचा वेगळा ओटा नको, सगळ्यांचा मान सारखा.

2011 मध्ये तिथं पांढऱ्या संगमरवराची भिंत उभी राहिली. चाळीस पाट्या, एका पाटीवर एक नाव. टॉड बीमरची पाटी जेवढी, तेवढीच हिल्डा आजींची. एका बाईच्या नावाखाली तिच्या पोटातल्या बाळाचाही उल्लेख आहे. स्मारकाच्या आवारात एक उंच मनोरा आहे, त्यात चाळीस घंटानळ्या टांगल्या आहेत. वारा सुटला की वाजतात, प्रत्येकीचा सूर वेगळा. भिंतीच्या टोकाला जाड लाकडांचं एक फाटक आहे. त्याच्या पलीकडं, विमान जिथं पडलं तिथं, खुणेला एक मोठा दगड ठेवला आहे. आपल्यासारख्या पाहुण्यांना फाटकापर्यंतच जाता येतं. ते उघडतं फक्त त्या चाळीस जणांच्या घरच्यांसाठी.