बोस्टनची आग आणि आजारी घोडे

जुन्या घरांतल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत कोळसे, भोवती पाणी. आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले वाफेचे अग्निशामक इंजिन चित्रात जरी पाहिले तरी हे नाव किती चपखल आहे ते कळते. खाली भट्टी, वर उभा बॉयलर आणि वाफेच्या जोरावर चालणारा पंप. फरक एवढाच की या बंबाचे वजन काही टन भरे आणि त्याला आगीच्या जागी धावत जावे लागे. पंप वाफेवर चाले, पण चाके फिरत ती घोड्यांच्या जिवावर.

त्याआधीचे हातपंप माणसेच ओढत आणि माणसेच दांडे मारून चालवत. १८५३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराने वाफेचे इंजिन आणि पगारी दल एकदम आणले आणि तिथून चित्र पालटले. लंडनचे दल तर टिलिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या तबेल्यातून भाड्याने घोडे घेई. पुढे घोड्यांना असे शिकवले गेले की घंटा वाजताच ते ठाणातून निघून आपणहून इंजिनापुढे उभे राहत आणि छताला टांगलेला साज वरून त्यांच्या पाठीवर उतरे. वाफेच्या या युगात शहराचा जीव घोड्याच्या चार पायांवर किती अवलंबून होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नसे. ते ध्यानात आले १८७२ मध्ये.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत कॅनडातल्या टोरांटोच्या आसपास घोड्यांमध्ये साथ सुरू झाली. आज आपण तिला घोड्यांचा इन्फ्लुएन्झा म्हणू. ताप, खोकला, वाहणारे नाक आणि कमालीचा अशक्तपणा. मरणारे घोडे तुलनेने थोडे, पण उभे राहू न शकणारे हजारो. काही आठवड्यांतच ही साथ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरली. ट्राम बंद पडल्या, माल स्टेशनावर पडून राहिला. आगगाडी शेकडो मैल माल आणी, पण स्टेशनापासून दुकानापर्यंतचा शेवटचा मैल घोड्याचाच होता. काही ठिकाणी बैल जुंपले, काही ठिकाणी माणसे.

बोस्टनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख जॉन डॅमरेल यांनी ही आपत्ती येताना पाहिली होती. घोडे आजारी पडताच इंजिने दोरांनी ओढण्यासाठी त्यांनी सुमारे ५०० जादा माणसे नेमली. आणि ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी समर स्ट्रीटवरच्या एका गोदामाला आग लागली. ती आटोक्यात येईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. ७७६ इमारती आणि सुमारे ६५ एकर व्यापारी पेठ जळाली.

घोडे नव्हते म्हणून शहर जळाले, ही कथा लगेच रूढ झाली. ऐकायला ती पटतेही. पण चौकशी आयोगापुढे जबान्या झाल्या तेव्हा वेगळेच निघाले. माणसांनी इंजिने ओढल्यामुळे झालेला उशीर जेमतेम काही मिनिटांचा होता. त्याहून अधिक मोलाची मिनिटे इंजिने निघण्याआधीच गेली होती. खोट्या वर्दीच्या भीतीने इशाऱ्याच्या पेट्यांना कुलपे घातलेली, किल्ल्या पोलिसाकडे किंवा जवळपासच्या एखाद्या प्रतिष्ठिताकडे. लोकांना ज्वाळा दिसत होत्या, पण पहिली वर्दी नोंदली गेली ती ७ वाजून २४ मिनिटांनी.

खरा कसूर जमिनीखाली होता. हा भाग पूर्वी राहत्या घरांचा. घरे गेली, लोकर, कापड आणि चामड्याची उंच गोदामे आली, पण पाण्याचे नळ मात्र घरांच्या मापाचे जुनेच राहिले. वर ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांच्या डोक्यावर लाकडी मॅन्सार्ड छपरे, म्हणजे दगडाच्या चुलीवर रचलेले सरपणच. अरुंद गल्ल्यांतून आग छपरावरून छपरावर उडाली आणि पाण्याची धार तिथवर पोहोचेना. बाहेरगावांहून रेल्वेने इंजिने आली, तर त्यांचे होज इथल्या नळतोट्यांना बसेनात. इमारती सुरुंगाने उडवून आग अडवायचा प्रयत्न झाला, त्याने ती उलट पसरली.

यातले बरेचसे डॅमरेल यांनी आधीच सांगितले होते. १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर ते स्वतः तिथे जाऊन पाहून आले होते आणि मोठ्या नळांची मागणी त्यांनी शहराच्या कारभाऱ्यांकडे वारंवार केली होती. ती नाकारली गेली. कारण उघड आहे, नळ खर्चाचे असतात आणि जमिनीखाली कुणाला दिसत नाहीत. आग लागल्यावर मात्र बोट दाखवायला आजारी घोडा सोयीचा. तो काही आयोगापुढे जबानी द्यायला येत नाही! (मुके जनावर दोष घेते आणि कारभारी सुटतात, हा प्रकार बोस्टनपुरता नाही.)

त्या रात्री दोर ओढणाऱ्यांची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही. घोड्याच्या जागी माणूस जुंपला गेला आणि काही मिनिटांच्या फरकाने तरी त्याने ते काम निभावले, हे आयोगानेच मान्य केले. ओल्ड साउथ मीटिंग हाउस ही स्वातंत्र्यकाळातली ऐतिहासिक वास्तू वाचली ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌स्मथहून रेल्वेने आलेल्या एका इंजिनाच्या मदतीने.

डॅमरेल यांच्यावर टीकेची झोड उठली आणि दोन वर्षांत त्यांना पद सोडावे लागले. पण देशभरच्या अग्निशामक अधिकाऱ्यांनी १८७३ मध्ये आपली संघटना उभारली, तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनाच निवडले. पुढे १८७७ मध्ये बोस्टननेही त्यांना परत बोलावले, या वेळी इमारतींची तपासणी करणारे अधिकारी म्हणून. पेठ तोवर पुन्हा उभी राहिली होती आणि दलाचे घोडे कधीच बरे होऊन कामाला लागले होते.