टकळी, माग आणि मध्ययुग : इतिहास विणणारे हौशी हात

मध्ययुगीन युरोप म्हटला की डोळ्यांपुढे चिलखते, तलवारी आणि दगडी किल्ले उभे राहतात. त्या काळाचे हौसेने पुनर्सादरीकरण करणाऱ्या पाश्चात्त्य मंडळांच्या मेळाव्यांतही छायाचित्रकारांची गर्दी लुटुपुटीच्या लढायांभोवतीच होते. मात्र रणांगणापासून थोड्या अंतरावरील तंबूंत वेगळीच लगबग चालू असते. तेथे कोणी टकळीवर लोकर कातत असते, कोणी वनस्पतींच्या रंगात सूत बुडवत असते, तर कोणी कमरेला ताणलेल्या धाग्यांवर बोटभर रुंदीची नक्षीदार किनार विणत असते. एके काळी युरोपातील घराघरांत असलेले आणि यंत्रयुगात हातांतून निसटलेले ज्ञान परत मिळवण्याचा हा खटाटोप आहे. गेल्या काही दशकांत त्याने संग्रहालये आणि विद्यापीठांच्या संशोधनाशीही नाते जोडले आहे.

छंदाची सुरुवात

या मंडळांपैकी सर्वांत मोठे मंडळ म्हणजे अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात काही मित्रमैत्रिणींनी मध्ययुगीन थाटाची स्पर्धा भरवली आणि त्यातूनच ही संस्था उभी राहिली. सतराव्या शतकापूर्वीचा काळ हे तिचे कार्यक्षेत्र. जगभरातील सभासद ‘राज्यां’मध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक जण त्या काळात शोभेल असे नाव व ओळख धारण करतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘पेनसिक वॉर’ या तिच्या उन्हाळी मेळाव्याला हजारो लोक तंबू ठोकून राहतात. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये स्थापन झालेले ‘रेजिया अँग्लोरम’ अँग्लो-सॅक्सन व व्हायकिंग काळाला वाहिलेले आहे. तेथे पेहरावाच्या अस्सलपणाचे नियम अधिक काटेकोर आहेत.

वस्त्रकलेकडे वळण्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक असते. मेळाव्यात शिरायचे तर काळाला साजेसा पोशाख हवा. सुरुवातीला बाजारातले कापड चालते, पण पुढे शंका येऊ लागतात. दहाव्या शतकातील अंगरख्याचे कापड कोणत्या विणीचे असे? काठ शिवलेला असे की विणलेला? रंग कशाचा? उत्तरे शोधता शोधता पोशाख बाजूला राहतो आणि माणूस टकळी हाती घेतो. या मंडळांच्या कलास्पर्धांत वस्तूसोबत टिपण जोडण्याची पद्धत आहे. मूळ नमुना कोणता, साहित्य काय वापरले, कोठे तडजोड केली आणि का, हे त्यात लिहावे लागते. परीक्षक वस्तूइतकेच हे टिपणही तपासतात.

सुताचा हिशेब

या छंदातून सर्वांत आधी उमगते ती श्रमांची मोजदाद. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठातील वस्त्रसंशोधन केंद्र २००५ मध्ये सुरू झाले. तेथे निष्णात कारागिरांनी प्राचीन टकळ्यांच्या प्रतिकृतींवर सूत कातून पाहिले, तेव्हा टकळीच्या चकतीच्या वजनानुसार तासाला साधारण ३५ ते ५० मीटर सूत निघाले. आता हिशेब करता येतो. एका सेंटिमीटरमध्ये दहा उभे आणि दहा आडवे धागे असलेले चौरस मीटरभर कापड घेतले, तर त्यात दोन हजार मीटर सूत लागते. म्हणजे केवळ कातण्याचे ४० ते ५७ तास! एका साध्या अंगरख्याला तीन चौरस मीटर कापड धरले, तर कताईचेच १२० ते १७० तास होतात. लोकर कातरणे, धुणे, विंचरणे, पेळू करणे, माग लावणे, विणणे आणि शिवणे हे सारे वेगळेच.

व्हायकिंगांच्या लांब पल्ल्याच्या जहाजांवर लोकरीची शिडे असत. स्कँडिनेव्हियात अशी शिडे हाताने विणून ती प्रतिकृती-जहाजांवर चढवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा एका जहाजामागे कातणाऱ्या-विणणाऱ्या कितीतरी हातांचे किती महिने खर्ची पडत असतील, याची कल्पना संशोधकांना आली. जहाजबांधणीच्या इतिहासात सुताराचे आणि लोहाराचे नाव येई, कातणारणीचे येत नसे. प्रत्यक्ष काम करून पाहिल्यावर ही उणीव ठळकपणे दिसली.

वजनांचा माग

युरोपातील सर्वांत जुन्या मागांपैकी एक म्हणजे वजनांचा उभा माग. दोन खांबांची चौकट भिंतीला टेकवून ठेवायची, वरच्या आडव्या दांड्याला ताण्याचे धागे बांधायचे आणि खाली त्यांच्या जुडग्यांना मातीची किंवा दगडाची वजने लटकवायची. विणकर उभ्याने काम करतो आणि बाण्याचा धागा लाकडी किंवा हाडाच्या तलवारीसारख्या पट्टीने वरच्या दिशेने ठोकतो. उत्खननात लाकडी चौकट सहसा सापडत नाही, ती कुजून जाते. सापडतात ती वजने. ओळीने पडलेली वजने दिसली की येथे माग उभा होता, असे पुरातत्त्वज्ञ ओळखतात.

हा माग चालवायचा कसा, हे नुसती वजने पाहून कळले नसते. नॉर्वेच्या संशोधक मार्टा हॉफमन यांनी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि उत्तरेकडील सामी समाजात विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिलेल्या अशा मागांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये लाय्रे येथे हान्स-ओले हान्सन यांनी प्रयोगशील पुरातत्त्वाचे केंद्र सुरू केले. आज पुनर्सादरीकरण करणाऱ्या मंडळांत घरच्या घरी बनवलेला वजनांचा माग दिसतो, त्याची मुळे या दोन घटनांत आहेत.

सुमारे अकराव्या शतकापासून युरोपात पायट्यांचा आडवा माग पसरला आणि कापड झपाट्याने निघू लागले. त्याबरोबर शहरांत विणकरांचे संघ उभे राहिले आणि बाजारासाठीचे विणकाम मुख्यतः पुरुषांकडे गेले. कताई मात्र बायकांकडेच राहिली. आशियातून आलेला चरखा तेराव्या शतकात तेथे रुळू लागला, पण त्याच्याविषयी अविश्वास होता. जर्मनीतील स्पायर शहराच्या सुमारे १२८० च्या नियमांनुसार चरख्यावरचे सूत बाण्याला चाले, ताण्याला मात्र टकळीचेच घट्ट सूत लागे. हा नियम का केला असावा, हे चरखा आणि टकळी दोन्ही चालवणाऱ्या हौशी माणसाला लगेच समजते. सैल पिळाचा धागा मागाचा ताण सोसत नाही.

पाट्यांवरची किनार

हौशी विणकरांचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे टॅब्लेट वीव्हिंग, म्हणजेच पाट्यांवरचे विणकाम. याला माग लागत नाही. लाकूड, हाड, शिंग किंवा चामड्याच्या लहान चौकोनी पाट्या घ्यायच्या. आता पुठ्ठा किंवा कापलेले खेळाचे पत्तेही चालतात. प्रत्येक पाटीच्या चार कोपऱ्यांत चार छिद्रे आणि प्रत्येक छिद्रातून एक धागा. साऱ्या पाट्या एकत्र पाव फेरा फिरवल्या की धाग्यांमध्ये नवी फट पडते. तीतून बाण्याचा धागा ओवायचा, ठोकायचा आणि पुन्हा फिरवायचे. फिरण्यामुळे धागे एकमेकांभोवती पिळले जातात आणि पट्टी विलक्षण मजबूत होते. पाट्या वेगवेगळ्या दिशांनी फिरवून नक्षी उमटते. अंगरख्याचा काठ, कमरपट्टा, झालर, उभ्या मागावरील कापडाची सुरुवातीची किनार अशी अनेक कामे या पट्ट्या करीत.

हे तंत्र फार जुने आहे. जर्मनीतील होखडोर्फ येथे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील सरदाराच्या थडग्यात असे पट्टे मिळाले आहेत. नॉर्वेत १९०४ मध्ये उत्खनन झालेल्या ओसेबर्ग जहाजात, इसवी सन ८३४ च्या दफनात, दोन स्त्रियांसोबत विणकामाचा सरंजाम ठेवलेला होता. त्यात ५२ पाट्या आणि त्यांत धागे ओवलेला अर्धवट पट्टा होता. पण पुढे हे तंत्र युरोपच्या बहुतेक भागांत इतके विस्मरणात गेले, की जुन्या पट्ट्या कशा विणल्या हे अभ्यासकांना ओळखता येईना. मार्गारेट लेमान-फिल्हेस या जर्मन विदुषीने आइसलँडमधील माहितीच्या आधारे स्वतः विणून पाहिले आणि १९०१ मध्ये बर्लिनमध्ये त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कोडे सुटू लागले. आज ज्याला ‘करून पाहणे’ म्हणतात, त्या पद्धतीचा हा आरंभीचा नमुना म्हणावा लागेल.

सुई, रंग आणि गोठलेली माती

विणकामाच्या सुया येण्यापूर्वी युरोपात एकाच जाड सुईने धाग्याचे वेढे एकमेकांत अडकवून मोजे आणि हातमोजे करीत. स्कँडिनेव्हियात याला ‘नोलबिंडिंग’ म्हणतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे कॉपरगेटच्या उत्खननात (१९७६ ते १९८१) व्हायकिंग काळातील असा एक लोकरीचा मोजा मिळाला. या वस्तूची वीण एका जागी तुटली तरी उसवत जात नाही. उलट सूत आखूड तुकड्यांतच वापरावे लागते, म्हणून काम सावकाश चालते. कॉपरगेटच्या मोज्याची प्रतिकृती करणे हा हौशी मंडळींचा आवडता अभ्यास आहे.

रंगांबाबत भारतीय वाचकाला ओळखीच्या खुणा सापडतील. मध्ययुगीन युरोपचे तीन मुख्य वनस्पतिरंग म्हणजे निळ्यासाठी वोड, लालसाठी मॅडर आणि पिवळ्यासाठी वेल्ड. वोडच्या पानांत जो निळा रंग असतो, तोच आपल्या निळीतही असतो. मॅडर ही आयुर्वेदातील मंजिष्ठेची सख्खी बहीण. रंग पक्का बसावा म्हणून तेथेही तुरटीच वापरीत. वोडचे पिंप आंबवण्यासाठी शिळे मूत्र वापरले जाई. आजचे काही हौशी रंगारी तेही करून पाहतात, अर्थातच शेजाऱ्यांपासून बऱ्याच अंतरावर.

कपड्यांचा कापाचा अभ्यास मुख्यतः ग्रीनलँडच्या मातीवर उभा आहे. पाउल नॉर्लुंड यांनी १९२१ मध्ये हेर्योल्फ्सनेस येथील नॉर्स वसाहतीच्या दफनभूमीत उत्खनन केले. गोठलेल्या जमिनीने चौदाव्या-पंधराव्या शतकांतील साध्या माणसांचे अंगरखे, टोपड्या आणि मोजे जपून ठेवले होते. त्यांचा एल्से ऑस्टरगोर यांनी केलेला सविस्तर अभ्यास २००४ मध्ये इंग्रजीत आला आणि २०११ मध्ये याच कपड्यांचे बेतण्याचे नमुने देणारे पुस्तक निघाले. लंडन संग्रहालयाने १९९२ मध्ये तेथील मध्ययुगीन कापडतुकड्यांचा ग्रंथ काढला. पुनर्सादरीकरण करणाऱ्यांच्या घरी ही पुस्तके पाककृतींच्या वहीसारखी हाताळलेली दिसतात.

पुरावा की कल्पना?

मात्र करून पाहणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. एखादी वस्तू अमुक रीतीने बनवता येते, एवढेच प्रयोग सांगतो. ती तशीच बनत असे, हे सांगत नाही. मेळाव्यांतील व्हायकिंग वेशांवर हमखास दिसणारी मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणदार नक्षी मुळात अॅनातोलियाकडची आहे. ती विणायला सोपी आणि दिसायला देखणी, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि पाहता पाहता ‘व्हायकिंग’ ठरली.

या धोक्याचे आणि त्यावरील उताऱ्याचे एक उदाहरण स्वीडनमध्ये घडले. बिर्का या व्हायकिंग बंदरातील थडग्यांत रेशीम आणि धातूच्या तारांनी विणलेल्या पाटी-पट्ट्या मिळाल्या होत्या. आग्नेस गायर यांनी १९३८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उप्साला विद्यापीठाच्या अन्निका लार्सन यांनी बिर्का व गाम्ला उप्साला येथील पट्ट्यांवर कुफिक लिपीत ‘अल्लाह’ आणि ‘अली’ ही नावे विणलेली असल्याचे जाहीर केले आणि जगभर ठळक बातम्या झळकल्या. काही दिवसांतच टेक्सास विद्यापीठातील इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मुल्डर यांनी आक्षेप घेतला. अशी चौकोनी कुफिक शैली त्यानंतर सुमारे ५०० वर्षांनी प्रचारात आली, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा विणकामाचा होता. पुनर्सादरीकरण करणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे मार्गदर्शक लेखन करणाऱ्या वस्त्र-अभ्यासक कॅरोलिन प्रीस्ट-डॉर्मन यांनी दाखवून दिले, की नवे चित्र मूळ पट्टीच्या दोन्ही कडांपलीकडे नक्षी वाढवून काढलेले आहे. गायर यांच्या नोंदीत पट्टी तेवढी रुंद नाही. अक्षरे पूर्ण होत होती ती या कल्पित भागात. व्हायकिंगांचा इस्लामी जगाशी व्यापार होता, हे अरबी नाण्यांवरून सिद्धच आहे. प्रश्न होता तो या एका पट्टीचा. पट्टीची कडा कोठे संपते, हे ज्यांनी शेकडो वेळा हातांनी विणून अनुभवले आहे, अशांच्या ज्ञानाला येथे वजन आले.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात धनगर आणि सनगर समाजांनी मेंढीच्या लोकरीपासून घोंगडीपर्यंतची संपूर्ण साखळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सूत कातणे, खड्ड्यातल्या मागावर विणणे, चिंचोक्याची खळ देणे हे सारे ज्ञान पुस्तकांत नव्हे, तर माणसांत आहे. युरोपला हेच ज्ञान थडग्यांतील चिंध्या आणि मातीची वजने जुळवून नव्याने शोधावे लागत आहे. तेथील हौशी हातांची धडपड कौतुकास्पद खरीच. पण एकदा तुटलेला धागा जोडायला शतकभराचे संशोधन लागते, हा तिचा खरा धडा आहे. ज्या प्रदेशात धागा अजून तुटलेला नाही, तेथे विणणारे हात आहेत तोवरच त्यांची नोंद करून ठेवणे हे फार स्वस्तात होणारे काम आहे.