नाच्या

नाच्या : तमाशाच्या फडात स्त्रीवेश घेऊन अथवा बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष कलावंत. जुने नाव ‘नाच्या पोऱ्या’. विदर्भातील खडी गंमत या प्रकारातही नाच्या असतो.

इतिहास : पेशवाईच्या उत्तरार्धात तमाशाला आकार येत गेला तेव्हा फडात स्त्रिया नसत. केस वाढवलेला कोवळ्या वयाचा मुलगा लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून शाहिराच्या लावणीवर अदा करी. फडावर पहिली स्त्री कोण व केव्हा आली याबाबत मतभेद आहेत. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडातील पवळा हिवरगावकर हिचे नाव बहुधा घेतले जाते. नाचीण आल्यावर शृंगार तिच्याकडे गेला आणि नाच्याच्या वाट्याला विनोद उरला.

तमाशातील गवळण या भागातली ‘मावशी’ मात्र पुरुषाकडेच राहिली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. डोक्यावरचा पदर सावरत, कमरेवर हात ठेवून मावशी पुढे होते, दाणाचा (जकातीचा) हिशेब विचारते आणि देवालाच उलट चार शब्द सुनावते. हशा येथेच पिकतो. या भूमिकेला लिखित संहिता नसते. हजरजबाबीपणा हेच तिचे भांडवल.

प्रतिष्ठेचा प्रश्न : संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना (१८८८–१९६७) रसिकांनी डोक्यावर घेतले, त्यांची वेशभूषा घरंदाज स्त्रियांनी उचलली. नाच्याला तो मान मिळाला नाही. फडातील कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले, हे त्यामागचे एक कारण होय.

चित्रपट : नाच्याविषयीची बहुतेक दृश्य नोंद चित्रपटांतच सापडते. कोल्हापूरचे गणपत पाटील (मृत्यू २००८) यांनी तमाशापटांत ही भूमिका इतक्या वेळा केली की नाच्या म्हटले की त्यांचाच चेहरा आठवावा. हातांची लकब, मुरका आणि ‘आत्ता गं बया’ हा उद्गार ही त्यांची ओळख. या प्रतिमेने त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. खाजगी आयुष्यातही लोक नटाला भूमिकेच्याच नजरेने पाहत. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर रवी जाधव यांनी त्याच नावाचा चित्रपट केला (२०१०). त्यात कुस्तीचा शौकीन शेतमजूर गुणा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. ती भूमिका अतुल कुलकर्णी यांची. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

लैंगिक ओळख : नाच्या ही फडातील भूमिका आहे, तीवरून कलावंताची लैंगिक ओळख ठरत नाही. काहींना मात्र हीच जागा मोकळेपणाची वाटली असावी. अलीकडे पुरुषांनी सादर केलेल्या लावणीचे स्वतंत्र कार्यक्रम होतात. ‘बिन बायकांचा तमाशा’ हा त्यांतील परिचित प्रयोग.

तुलना : न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९७० च्या सुमारास कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी आणि तृतीयपंथी कलावंतांची ‘हाउस’ नावाची घराणी उभी राहिली. त्यांच्या स्पर्धा म्हणजे ‘बॉल’ आणि त्यांतील नृत्यशैली म्हणजे ‘व्होगिंग’. ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) हा माहितीपट व ‘माय हाउस’ (२०१८) ही दूरचित्रवाणी माहितीमालिका यांत हे कलावंत स्वतः बोलतात. बॉलमध्ये नाचणारे, परीक्षक आणि प्रेक्षक बव्हंशी आपलेच; नाच्या परक्या प्रेक्षकांपुढे, पोटासाठी उभा राहतो. शिवाय पडद्यावरचा नाच्या प्रायः दुसऱ्या नटाने उभा केलेला असतो.

यवतमाळ जिल्हा : कोलामांच्या पोडांवर व गोंड वस्त्यांत दंडार हा लोकनृत्यप्रकार होतो. लगतच्या आदिलाबाद भागात राजगोंडांच्या दंडारी-गुसाडीत काही मुले नाच्याप्रमाणेच स्त्रीवेश घेतात.

(पहा : खडी गंमत, तमाशा, दंडार, लावणी.)