दुसऱ्या मंगळवारची कुळकथा

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून दोन्हींचा कारभार पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला कार्यप्रणाली म्हणतात, आणि तिच्यात राहून गेलेली चूक बुजवण्यासाठी मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीला पॅच. ही रीत मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या कार्यप्रणालीहून कितीतरी जुनी आहे. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात चालू झालेल्या मार्क वन या यंत्राला कागदी पट्टीवर भोके पाडून आज्ञा दिल्या जात आणि चुकीचे भोक कागदाचा तुकडा चिकटवून खरोखरच बुजवले जाई.

दुरुस्तीला ठरलेला वार मात्र २००३ साली मिळाला, तोही नुकसान सोसल्यावर. त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका त्रुटीवरचा पॅच दिला; तो असंख्य संगणकांवर बसलाच नव्हता, तोच ११ ऑगस्टला ब्लास्टर हा वर्म, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून शिरणारा घातक कार्यक्रम, पसरू लागला. पॅच केव्हाही येत असल्याने ते तपासून बसवणाऱ्यांची तारांबळ उडे, म्हणून ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार मुक्रर झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला निघणारा पॅच पनवेलच्या खांदा कॉलनीत ऋतुमानाप्रमाणे रात्री साडेदहाला किंवा साडेअकराला येतो, त्यामुळे तिथल्या दुकाना-कार्यालयांतील संगणकांना तो प्रत्यक्षात बुधवारी सकाळीच भेटतो. हा उशीर क्षुल्लक नाही, कारण जुनी आणि नवी फाइल ताडून पाहिली की त्रुटी नेमकी कुठे होती हे हल्लेखोरालाही कळते.

पॅच वेळेत न बसवल्याची झळ पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्याला बसली. संगणकांनी आपापसांत फाइली वाटून घेण्यासाठी वापरायच्या एसएमबी या संकेतातील त्रुटीवर १४ मार्च २०१७ रोजी पॅच आला होता; एप्रिलमध्ये त्याच त्रुटीचा फायदा घेणारे, अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडचे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार जगजाहीर झाले, आणि २७ जूनला ‘नॉटपेट्या’ने ते वापरले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला हा घातक कार्यक्रम मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या उरणच्या जेएनपीटी बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा हे संगणकाविना सांगता येईना, तेव्हा कामगारांना हाताने नोंदी करून काम रेटावे लागले. नॉटपेट्या खंडणी मागे, पण फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती; शिवाय पॅचविना राहिलेल्या एखाद्या संगणकाच्या स्मृतीतून तो पासवर्ड चोरी आणि त्यांच्या बळावर पॅच बसवलेल्या संगणकांतही घुसे. हयगय एका यंत्राची आणि भुर्दंड साऱ्या जाळ्याला, हे या प्रकरणातले सर्वांत गंभीर सत्य होय. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

पॅच येणे थांबते त्या दिवसाला ‘एंड ऑफ सपोर्ट’ म्हणतात आणि विंडोजच्या बाबतीत तोही बहुधा दुसरा मंगळवारच असतो: एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४, विंडोज सेव्हनसाठी १४ जानेवारी २०२०, विंडोज टेनसाठी १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर नव्या आवृत्तीसाठी निघणारा प्रत्येक पॅच जुन्या आवृत्तीतील तीच उघडी त्रुटी दाखवून देऊ शकतो. एटीएममध्ये एक्सपी तरीही टिकून होती, म्हणून मुंबईच्या रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून जून २०१९ पर्यंत सर्व एटीएमवर सपोर्ट असलेली कार्यप्रणाली बसवण्याचा आदेश बँकांना द्यावा लागला.

विंडोज टेनचा पेच वेगळा आहे. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक संगणक अपग्रेडला अपात्र ठरतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा पॅचची मुदतवाढ जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. अशा यंत्रांची एवढी संख्या असताना ही मुदतवाढ तुटपुंजी आहे. चालते यंत्र भंगारात काढण्याची वेळ आणणे ग्राहकावर अन्यायच आहे.